लहान होडी आणि किनाऱ्यावरील मासेमारीची उमेदवारी

(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं भरलेल्या सभेंतील भाषण)



बुलढाणें जिल्ह्यांत उभें राहून समुद्रावरील मासेमारीविषयीं बोलावयाचें, हें प्रथम ऐकतांना कोणासहि विचित्र वाटेल. येथून समुद्रकिनारा सरळ रेषेंत मोजला तरी तीनशें किलोमीटरांहून दूर. आपल्या वांट्यास जें खारें पाणी आलें आहे तें लोणारचें. उल्कापातानें काळ्या खडकांत झालेलें तें सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें विवर जगांतील विद्वानांस ठाऊक आहे; सन २०२० च्या जून महिन्यांत त्याचें पाणी गुलाबी झालें, तेव्हां त्याचें नांव घरोघरीं पोंचलें. परंतु त्या क्षारमय पाण्याची ख्याति मासळीकरितां कधींच नव्हती. आपल्याकडील मासळी गोड्या पाण्याची. पूर्णा व पैनगंगा या नद्या, आणि नळगंगा, खडकपूर्णा यांसारख्या धरणांचे जलाशय, येथें आपले भोई बंधु जाळीं लावतात.

मग समुद्राची गोष्ट येथें कां काढावी? एक कारण आपल्या स्वयंपाकघरांतच आहे. आठवडी बाजारांत सुकट आणि सुके बोंबील आपण घेतों. ते कोणाच्या हातांनीं पाण्याबाहेर आले याचा विचार आपण सहसा करीत नाहीं. दुसरें कारण याहून गंभीर आहे. किनाऱ्यावरील कोळीवाड्यांतील शिकलेलीं मुलें हल्लीं नोकरीकडे वळतात, आणि नौकेवर घरचे हात अपुरे पडतात. त्यांच्या जागीं दूरदूरचे, नेपाळपर्यंतचे तरुण खलाशी म्हणून येतात. त्यांपैकीं पुष्कळांनीं त्यापूर्वीं समुद्र पाहिलेलाहि नसतो. उद्यां आपल्या धर्मग्रामांतील एखादा मुलगा कामाच्या शोधांत तिकडे गेला, तर तो कोणत्या शाळेंत पाऊल टाकीत आहे हें त्याला व त्याच्या आईबापांना ठाऊक असावें, म्हणून हा प्रपंच.

संत पेत्र मच्छीमार होता हें आपल्यांतील लहान मुलासहि ठाऊक आहे. पण ज्या गालीलच्या समुद्रावर तो जाळीं टाकी, तो नांवाचाच समुद्र. वस्तुतः तें गोड्या पाण्याचें सरोवर आहे, आणि त्यास जाणवण्याजोगी भरती-ओहोटी नाहीं. तेव्हां कसबाच्या दृष्टीनें पाहतां पेत्राचें नातें किनाऱ्यावरील कोळ्यापेक्षां खडकपूर्णेवरील भोयाशीं अधिक जवळचें ठरतें. हें आम्हीं उत्तन येथें बोलून दाखविलें, तेव्हां तेथील मंडळींस तें फारसें रुचलें नाहीं!

उत्तन, मनोरी, गोराई, वसई, अर्नाळा या पट्ट्यांत आपल्या धर्माचे कोळी पिढ्यान् पिढ्या राहत आले आहेत. वसईचा मुलूख सन १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या अमलाखालीं होता, त्या काळापासूनची ही वस्ती. तेथें आम्हीं पुष्कळ दिवस काढले आणि लहान होडीवरील उमेदवारी जवळून पाहिली. मोठ्या यांत्रिक नौका कित्येक दिवसांकरितां दूर जातात. त्यांची गोष्ट निराळी. आम्ही बोलतों तें किनारा दृष्टीआड होऊं न देतां जी मासेमारी चालते तिच्याविषयीं.

नव्या मुलास पहिल्या दिवशीं जाळें कोणी देत नाहीं. त्याच्या हातीं डबा देतात, होडींत आलेलें पाणी उपसण्याकरितां. हें काम हलकें वाटतें, पण त्यांतच पहिला धडा आहे. होडींत उभें राहूं नये, वजन मध्यभागीं ठेवावें, एका बाजूस दोघांनीं एकदम झुकूं नये, हें सर्व पाणी उपसतां उपसतां अंगवळणीं पडतें. तांडेल फार बोलत नाहीं. “बस रे पोरा,” एवढेंच म्हणतो, आणि पोरानें बसावें. त्यानंतर वल्हें, मग दोर, मग जाळें. सुकाणू सर्वांत शेवटीं. कोणाला हा क्रम चुकवून पुढें जावयाचें असेल तर समुद्र त्याची परीक्षा तांडेलाच्या आधींच घेतो.

आतां मुख्य विद्येकडे येऊं. ती भरती-ओहोटीची. धरणाच्या काठीं वाढलेल्या मनुष्यास हिची कल्पना येणें कठीण, कारण त्याचें पाणी आज जेथें आहे तेथेंच उद्यां सांपडतें. मुंबईच्या बाजूस उधाणाच्या दिवशीं, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, भरती आणि ओहोटी यांत चार ते पांच मीटरांचें अंतर पडतें. अष्टमीच्या सुमारास हें अंतर निम्म्याहूनहि कमी होतें. त्यास भांग म्हणतात. सकाळीं ज्या ठिकाणीं होडी तरंगत होती तेथें दुपारीं चिखल असतो, आणि त्या चिखलांत मांडीपर्यंत रुतलेल्या मनुष्यापुढें पुनः भरतीचें पाणी चढूं लागतें. हा प्रसंग थट्टेचा नाहीं.

भरतीची वेळ काढण्याचा जुन्या लोकांचा हिशेब फार सुंदर आहे. तिथीची पाऊणपट करावी, कीं झाली पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा. म्हणजे त्या दिवशीं सकाळीं व सायंकाळीं सहाच्या सुमारास पाणी पूर्ण चढलेलें असतें. पौर्णिमेस पंधराची पाऊणपट सव्वा अकरा. त्यानंतर साधारण सहा तासांनीं पूर्ण ओहोटी. हिशेब ढोबळ खरा, जागेप्रमाणें घटकाभर मागेंपुढें होतो. पण भरती दररोज सुमारें पाऊण तास उशिरां येते हें शास्त्र त्यांत अचूक बसलेलें आहे. छापील कोष्टकें आहेत, आतां खिशांतील दूरध्वनीवरहि भरतीची वेळ दिसते. तरीहि तांडेल नव्या पोरास विचारतो, “आज तिथी कोणती?” आणि उत्तर न आल्यास पोराकडे असा पाहतो कीं दुसऱ्या दिवशीं पोर पंचांग पाहूनच येतो. रविवारीं मिस्सेस जाणाऱ्या घरांत भिंतीवर पंचांग कां टांगलेलें असतें, याचा उलगडा आम्हांस तेथें झाला.

याच विद्येवर डोलीचें जाळें चालतें. डोल म्हणजे मोठ्या तोंडाची, शेपटाकडे निमुळती होत गेलेली जाळ्याची पिशवी. ती समुद्राच्या तळांत रोंवलेल्या खुंटांना बांधून प्रवाहासमोर उघडी ठेवतात. मासळीच्या मागें कोणी धांवत नाहीं. पाण्याचा ओढच बोंबील, जवळा, कोलंबी आंत आणून सोडतो. ओढ चालू असतां जाळें वर घेणें मनुष्यबळाच्या बाहेरचें. भरती व ओहोटी यांच्या संधींत पाणी थोडा वेळ स्तब्ध होतें, तेवढ्यांत सर्व आटोपावें लागतें. तो क्षण हुकला तर दिवस हुकला. म्हणूनच उधाणांत डोलीचा धंदा तेजींत असतो आणि भांगांत मंदावतो.

नांगराचेंहि तसेंच. नांगराचा दोर पाण्याच्या खोलीच्या पांचपट तरी सोडावा, आणि खोली मोजावी ती आतांची नव्हे, पूर्ण भरतीची. ओहोटीच्या पाण्यावर दोर मोजून निश्चिंत झोंपणाऱ्याची होडी भरतीबरोबर नांगर उचलून चालती होते.

वाऱ्याचा धडा भरतीच्या मानानें सोपा. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, दुपारनंतर समुद्रावरून जमिनीकडे खारा वारा. शिडाच्या काळांत पहिल्यानें होडी बाहेर जाई आणि दुसऱ्यानें घरीं येई. आतां लहान होडीसहि यंत्र बसलें आहे. पण यंत्र बंद पडलें असतां जो हा नियम जाणतो तोच सुखरूप परततो. ठिकाण ओळखण्याची युक्ति तर शाळेंतील भूमितीसारखी आहे. चर्चचा मनोरा व त्यामागील डोंगराचें शिखर एका रेषेंत आणावें; दुसऱ्या बाजूस ताडाचें झाड व एखादा खडक एका रेषेंत आणावा; या दोन रेषा जेथें छेदतात तेथें आपली होडी. पाण्यावर खूण करतां येत नाहीं, म्हणून खूण जमिनीवर ठेवावयाची.

पाग, म्हणजे हातानें फेंकावयाचें गोल जाळें, मुलगा प्रथम वाळूवर शिकतो. कडेला शिशाचे मणी असतात. जाळें हवेंत पूर्ण उघडून वर्तुळासारखें पडलें पाहिजे. पहिले कित्येक दिवस तें गुंडाळी होऊनच पडतें आणि अंगणांतील कोंबड्या तेवढ्या पळतात. त्यानंतर खाडींत बोय व कोलंबी यांवर हात बसतो. गळाचें काम त्याहून शांत, पण मासा वर आल्यावर सावधपण हवें. शिंगाळ्याचा कांटा आणि पाकटाच्या शेपटीची नांगी विषारी असते; लागल्यास हातपाय सोसेल इतक्या ऊन पाण्यांत बुडवून ठेवल्यानें वेदना उतरते, व मग वैद्य गांठावा.

होडी किनाऱ्यास लागली म्हणजे पुरुषांचें काम संपतें आणि स्त्रियांचें सुरू होतें. निवडणें, बाजारांत नेणें, सुकविणें, पैशाचा हिशेब ठेवणें, हें सर्व त्यांच्याकडे. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते बांबूच्या वलांडीवर टांगतात. बोंबील म्हणजे बहुतेक पाणीच. तें पाणी ऊन आणि वारा काढून नेतात, आणि जें उरतें तें आपल्या बाजारापर्यंत टिकतें.

कायद्याविषयीं थोडक्यांत. महाराष्ट्रांत सागरी मासेमारीचा अधिनियम सन १९८१ चा असून २०२१ सालीं तो अधिक कडक करण्यांत आला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांस बंदी असते, कारण तो मासळीच्या विणीचा व वादळाचा काळ. सन २०२३ मध्यें पापलेटास राज्यमासा ठरविलें, आणि १३५ मिलिमीटरांहून लहान पापलेट धरूं नये असा नियम झाला. आमच्या मतें हा नियम कागदावर चांगला आहे. परंतु बारीक आसाच्या जाळ्यांत पिल्लें येतात, बाजारांत तीं विकलीं जातात, आणि घेणारे आपणच असतों. तळ खरवडून नेणाऱ्या मोठ्या जाळ्यांपुढें लहान होडीवाल्याचा दोष थोडा. तरी पिल्लें उरलीं नाहींत तर पहिली रिकामी परतेल ती त्याचीच होडी, आणि तिजबरोबर ही सारी शाळाहि बंद होईल.

वादळाविषयीं एकच सांगतों. ११ नोव्हेंबर १९०९ नव्हे, २००९ या दिवशीं, पावसाळा संपून लोक निर्धास्त झालेले असतां, फयान वादळ कोंकण किनाऱ्यावर आलें आणि समुद्रावर गेलेल्या किती तरी खलाशांचीं घरें उघडीं पडलीं. आपल्या आजोबांच्या काळची ही गोष्ट नव्हे, म्हणून साल मुद्दाम ठासून सांगितलें. हवामानखात्याची सूचना आली असतां जो धनी नौका बाहेर काढावयास सांगतो, त्याची चाकरी त्याच दिवशीं सोडावी.

ज्यास जावयाचेंच आहे त्यानें पोहणें येथूनच शिकून जावें; त्यास आपल्या गांवची विहीर पुरे. मुंबईंत वेसावें येथें शासनाचें मत्स्यव्यवसाय प्रशिक्षण केंद्र आहे. प्रवेशाचे नियम काय आहेत तें तेथें आधीं पत्रानें विचारावें. तें न जमल्यास पावसाळा संपल्यावर एखाद्या जाणत्या तांडेलाच्या लहान होडीवर एक हंगाम तरी काढावा, आणि मोठ्या नौकेचें आमंत्रण त्यानंतर स्वीकारावें. पहिल्या हंगामांत वांटा थोडाच मिळेल. होडीवर जीवरक्षक जाकीट आहे कीं नाहीं हें मजुरी ठरविण्यापूर्वीं विचारावें, आणि नसेल तर दुसरी होडी पाहावी.