गालातली कळ आणि दाढेवरचा आळ



दाढ दुखणारा माणूस गालावर तळहात दाबून बसतो. पण काही रुग्ण ‘इथं दुखतं’ म्हणून दाखवताना बोट गालाच्या जरा अलीकडेच थांबवतात. लावायची हिंमत होत नाही. दाढीही एकाच गालाची केलेली असते. असा माणूस समोर आला की जाणत्या डॉक्टरला ट्रायजेमिनल न्यूराल्जियाचा वास लागतो.

कोलकात्याच्या खिदिरपूरमधल्या, गोदीच्या आसपास राहणाऱ्या अशा एखाद्या रुग्णाची फरफट बहुधा दातांच्या दवाखान्यातूनच सुरू होईल. त्यात नवल नाही. कळ जबड्यात येते, घास चावताना येते. संशय दाढेवरच जाणार. एक रूट कॅनाल होतं, कळ राहतेच, मग शेजारची दाढ उपटली जाते. दंतवैद्यकाची भारतातली पहिली शाळा याच शहरात, 1920 मध्ये डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी काढली. शिकलेला दंतवैद्य दाढेवर टिचकी मारून, तिला गार लावून बघतो आणि दाढ निर्दोष निघाली तर पक्कड खाली ठेवतो. पुढचा पत्ता मग मेंदूच्या डॉक्टरांचा. खिदिरपूरकरांना तो फार लांब नाही: पीजी हॉस्पिटल आणि त्याला जोडलेली बांगुर संस्था. 

चेहऱ्याच्या संवेदना मेंदूकडे नेते ती पाचवी नस, म्हणजेच ट्रायजेमिनल. कपाळ, गाल आणि हनुवटी अशा तिच्या तीन फांद्या. चेहरा हलवणारी नस सातवी; तोंड वाकडं होतं ते तिच्यामुळं. पाचवी बिघडली की तोंड सरळच राहतं, पण वाऱ्याची झुळूकसुद्धा करंटसारखी लागते. अभिनेता सलमान खान यांनी 2025 मध्ये एका कार्यक्रमात सांगितलं, की ‘पार्टनर’च्या चित्रीकरणात लारा दत्ता यांनी त्यांच्या चेहऱ्यावरची केसांची बट बाजूला केली आणि कळ उठली. त्या चित्रीकरणानंतर, 2011 मध्ये, सलमान यांनी अमेरिकेत शस्त्रक्रिया करून घेतली.

डॉक्टर आधी कान देतात. कळ किती वेळ टिकते? क्षणभर ते फार तर दोन मिनिटं, मग एकदम शांत, आणि दात घासताना, बोलताना पुन्हा, असं उत्तर आलं तर नाव जवळजवळ ठरलं. तासन्‌तास ठणका असेल तर दात, सायनस, जबड्याचा सांधा बघायचा. कपाळावर नागीण उठून गेली असेल तर मागे राहिलेली आग तिची. आणि पन्नाशीपुढच्या माणसाची कानशिलं दुखत असतील, केस विंचरताना डोकं हुळहुळत असेल, चावताना जबडा भरून येत असेल, तर रक्तवाहिनीला सूज आलेली असू शकते. तिथं दिवस काढायचे नाहीत; डोळा जाऊ शकतो.

नाव ठरलं म्हणजे कारण कळलं असं मात्र नाही, आणि घोडं इथंच पेंड खातं. डॉक्टर कापसाची वात पिळून कपाळ, गाल, हनुवटीवरून हलकेच फिरवतात, आधी दुखऱ्या बाजूला, मग दुसऱ्या. दोन्हीकडे सारखं लागतं का? दुखरा गाल बधिर निघाला, तर ती धोक्याची घंटा. शंभरातल्या साधारण पंधरा जणांत मागे गाठ किंवा मल्टिपल स्क्लेरोसिससारखा मज्जासंस्थेचा आजार असतो. वय कमी असेल किंवा दोन्ही गाल दुखत असतील, तर मल्टिपल स्क्लेरोसिसचा संशय बळावतो.

म्हणून एमआरआय. नेहमीचा नव्हे, नसेच्या मुळाशी बारीक काप घेणारा. बहुतेकदा तिथं एखादी धमनी नसेला टेकलेली दिसते. वॉल्टर डँडी यांनी 1930च्या दशकात हे कारण मांडलं. पुढे पीटर जॅनेटा यांनी सूक्ष्मदर्शकाखाली धमनी आणि नस यांच्यात बोळा सारून दोघींना वेगळं करण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. मात्र काहीही न दुखणाऱ्या माणसांतही अशी धमनी टेकलेली सापडते. नस जागची सरकली आहे का, बारीक झाली आहे का, हे बघावंच लागतं. नुसत्या रिपोर्टवर शस्त्रक्रियेची तारीख मागणारे नातेवाईक इथं घाई करतात.

उपचाराची सुरुवात बहुधा कार्बामाझेपिनच्या गोळीनं होते. 1962 पासून या दुखण्यावर ती चालत आली आहे. गुण इतका लवकर येतो, की तपासणी राहूनच जाते. पण आत गाठ असली तरी हीच गोळी काही काळ कळ थांबवते. तेव्हा बरं वाटलं तरी एमआरआय टाळू नये, सांगितलेल्या रक्ततपासण्या कराव्यात, आणि पहिल्या काही आठवड्यांत अंगावर पुरळ किंवा तोंडात फोड आले तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं.