भिंत, पाणी आणि शेजार

(महाजनांच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली तेव्हा मी प्रथम नकारच दिला. दुसऱ्यांनी सांगितलेले कागदावर उतरवून घेणे हा माझा जन्मभराचा पेशा. वक्तृत्व हा माझा प्रांत नव्हे. परंतु अग्रशाळेमागील जुनी भिंत उतरवून तिच्या जागी उंच सिमेंटची भिंत उभारावी, असा विषय आज आपल्यासमोर विचारार्थ आहे, आणि नेमक्या याच बाबतीत माझ्या हातून स्वतःच्या घरी एक मोठी चूक घडलेली आहे. ती आपणांपुढे कबूल करावी व तिचा देवस्थानास काही उपयोग व्हावा, एवढ्याच हेतूने मी उभा आहे.

आपल्या अंत्रुज महालातील घरे बहुतेक उतारावर वसलेली. वर घर व अंगण, खाली कुळागर, त्याच्याही खाली ओहोळ. मधली माती धरून ठेवणारी भिंत नसेल, तर अंगण चार पावसाळ्यांत पोफळींच्या मुळांशी जाऊन बसेल. आपल्या पूर्वजांनी या भिंती जांभ्या दगडाच्या रचल्या. या दगडास ‘लॅटेराइट’ हे नाव फ्रान्सिस बुकानन याने १८०७ साली मलबारातील दगड पाहून दिले. लॅटिन भाषेत ‘लाटेर’ म्हणजे वीट, हे लिसेवच्या बाकावर घोकलेले मला अजून आठवते. खाणीतून काढताना मऊ, आणि हवा लागली की घट्ट होणारा हा दगड. विटेप्रमाणे चिरे पाडता येतात म्हणून ते नाव. जुनी माणसे हे चिरे पुष्कळदा चुन्यावाचून नुसते एकावर एक रचीत. आम्हांस वाटे, ती गरिबी. ती गरिबी नव्हती, हे मला फार उशिरा कळले.

माझ्या अंगणाखालची भिंत आजोबांच्या हातची. लांबी सुमारे ६० फूट, उंची ५ फूट. मध्यभागी तिला पोट सुटले होते, काही चिरे झिजले होते. खालचे कुळागर आमच्या शेजाऱ्यांचे. तेही आपल्यापैकीच महाजन. नाव सांगत नाही, आम्ही सारे त्यांना तात्या म्हणतो. त्यांच्या मुलाने घरावर माडी चढवली आणि माडीची गॅलरी नेमकी आमच्या तुळशीवृंदावनासमोर आली. सूनबाईला कपडे वाळत घालतानाही संकोच वाटू लागला. तेव्हा मी ठरवले की जुनी भिंत काढून सिमेंटची पक्की भिंत घालावी, आणि तिच्याच माथ्यावर आणखी ६ फूट चढवून कायमचा आडोसा करावा. एका खर्चात दोन कामे होतील, असा माझा कारकुनी हिशेब.

जुन्या भिंतीच्या टोकाला चार पायऱ्या होत्या. तात्यांच्या मातोश्री त्या पायऱ्यांवरून आमच्या अंगणातून देवळात फुले घेऊन जात. नव्या भिंतीत त्या पायऱ्या बुजल्या. काम चालू असता तात्या एकदा संध्याकाळी येऊन उभे राहिले. पायऱ्यांविषयी ते अवाक्षर बोलले नाहीत. एवढेच म्हणाले, “बाबा रे, भिंत घट्ट केलीस, पण पाण्याला वाट कुठे ठेवलीस?” मला वाटले, आडोसा त्यांना खुपतो आहे. मी उत्तर दिले नाही.

सज्जनहो, आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मातीत मुरलेले पाणी भिंतीमागे तुंबले की ते भिंतीला ढकलू लागते. माझ्या भिंतीमागे ते माथ्यापर्यंत साचले असता केवळ पाण्याचा दाब सुमारे २१ टन होतो. भिजलेल्या मातीचा दाब वेगळा. हा हिशेब मला एका अभियंत्याने नंतर मांडून दाखवला. उंची दुप्पट झाली तर हा भार चौपट होतो, हेही त्यांनीच सांगितले. आजोबांच्या भिंतीतून पाणी फटीफटीतून झिरपून जात असे. माझ्या भिंतीत एकही भोक नव्हते.

आषाढाच्या शेवटच्या आठवड्यात, पहाटे, भिंतीचा मधला २२ फूट भाग माथ्यावरच्या आडोशासकट खाली गेला. देवाची कृपा की कोणी माणूस खाली नव्हते. तात्यांच्या सात पोफळी मोडल्या आणि विहीर चिखलाने भरली. श्रावणी सोमवारी देवाच्या अभिषेकाचे पाणी त्याच विहिरीतून नेण्याची त्यांच्या घराची पिढ्यान् पिढ्यांची वहिवाट. विहीर उपसण्यास चार दिवस लागले, तरीही पाणी गढूळच राहिले. त्या वर्षी पहिल्या सोमवारी तात्या रिकाम्या हातांनी देवळात आले आणि खांबाशी बसून राहिले.

आता माझ्या मनाची कथा ऐका. नुकसानभरपाईची मागणी येईल या भीतीने मी आदल्याच रात्री उत्तराचा मसुदा तयार करून ठेवला होता. १८६७ सालच्या पोर्तुगीज दिवाणी संहितेत, जिच्यावर आमची पिढी पोसली, एक नियम होता : वरच्या जमिनीतून वाहून येणारे पाणी आणि त्याबरोबर येणारी माती खालच्या जमिनीने स्वीकारली पाहिजे. मोठ्या समाधानाने मी तो नियम लिहून काढला. देवळातून परतल्यावर मूळ मजकूर पुन्हा वाचला. त्यात अट होती : ते पाणी निसर्गतः, मनुष्याच्या कृतीवाचून आलेले असावे. त्याच संहितेप्रमाणे गॅलरी शेजाऱ्याच्या हद्दीपासून दीड मीटर मागे हवी. तात्यांची गॅलरी त्याहूनही मागे होती. माझ्याच पुस्तकाने मला दोन्हीकडून दोषी ठरवले. मी मसुदा फाडला आणि तात्यांकडे गेलो. विहिरीचा व पोफळींचा खर्च मी दिला. त्यांनी तो घेतला, आणि काकूंनी चहा पुढे केला.

पुढच्या उन्हाळ्यात भिंत नव्याने बांधली, ती तात्यांना विचारून. पाया घट्ट मुरुमापर्यंत दीड फूट खोल नेला. ५ फूट उंचीला बुंध्याशी ३ फूट रुंदी ठेवली, वर निमुळती, आणि प्रत्येक थर किंचित मागे, डोंगराच्या अंगाला रेललेला. ठिकठिकाणी आत खोलवर जाणारे लांब चिरे घातले. भिंतीमागे फूटभर रुंदीत मातीऐवजी खडी भरली. तळाशी दर ६ फुटांवर ४ इंची नळी बाहेर काढली, किंचित उतरती. अंगणातले पाणी भिंतीकडे जाऊच नये म्हणून वरून चर काढून ते ओहोळाला दिले. चार पायऱ्याही पूर्वीच्याच जागी पुन्हा बसवल्या.

आणि आडोसा? तो भिंतीच्या माथ्यावर ठेवलाच नाही. उंच भरीव कुडाला वारा लागला की तो खालच्या भिंतीलाच उपटू पाहतो. भिंतीपासून ३ फूट आत, माझ्या बाजूस, खांब रोवून बांबूच्या चटया बांधल्या व पुढे जास्वंद लावली. मोठी झाडे लावली नाहीत. त्यांची मुळे भिंत फोडतात. दोन वर्षांत जास्वंदीने चटयांची गरज संपवली. पायऱ्यांशी लहानसे फाटक आहे. सूनबाईचा संकोच गेला, आणि तात्यांच्या घरची फुले पुन्हा आमच्या अंगणातून देवळात जातात.

म्हणून समितीला माझी नम्र विनंती आहे. अग्रशाळेमागील भिंत जीर्ण झाली आहे, ती अवश्य बदलावी. परंतु पाणी बाहेर पडण्याची तजवीज नकाशात स्पष्ट दाखवल्याशिवाय काम कोणासही देऊ नये. ती भिंत माझ्या भिंतीहून उंच आहे. तेव्हा जाणत्या अभियंत्याचा सल्ला आणि पंचायतीची परवानगी आधी घ्यावी. उतरू येणाऱ्या यात्रेकरूंसाठी आडोसा हवाच. तो भिंतीवर न चढवता मागे सरकवून झाडांचा करावा. आणि भिंतीखाली ज्या घरांच्या बागा आहेत, त्यांना चिरा हलवण्यापूर्वी बोलावून विचारावे. त्यांतील कोणी आज सभेत मागे बसले असतील, तर त्यांनी संकोच न करता बोलावे.

पहिल्या पावसात त्या नळ्यांतून पाणी वाहू लागले, तेव्हा तात्या छत्री घेऊन खाली उभे होते. त्यांनी नळ्या मोजल्या आणि मला हाक मारून सांगितले, “दहाही चालू आहेत.” पुढे श्रावणात अभिषेकाचे पाणी त्यांच्या विहिरीतूनच गेले.