दुधाचा करार: दर बघता, कपात बघता का?

आमच्या गोठ्यात दोन गाई. दूध डेअरीला जातं, दहा दिवसांनी पगार होतो. जुलै २०२४ मध्ये सरकारने गाईच्या दुधाला ३० रुपये दर आणि वर ५ रुपये अनुदान जाहीर केलं, पण ते ३.५ फॅट, ८.५ एसएनएफला. पॉइंट घसरला की पैसे कापले जातात. किती? मोजमाप डेअरीचं, मशीनही तिचंच! म्हणून करार करताना नुसता दर बघू नका. कपातीचा तक्ता, पगाराची तारीख, पशुखाद्याची उचल कशी वळती होणार, दूध नाकारलं तर काय, हे सगळं लिहून घ्या. रोजच्या पावतीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. आणि एकट्याने नाही, गावातल्या वीसजणांनी मिळून मागा. दूध थांबत नाही, काही तासांत नासायला लागतं. त्यामुळे बोलणी धार काढायच्या आधीच झालेली बरी!