अनेक मंडळे, एक मैदान



क्रीडामंडळांचा विषय निघाला की आपले बोलणे बहुधा ढाली आणि करंडक ह्यांच्यापाशी येऊन थांबते. कोणी कोणाला हरविले, पंचांचा कोणता निर्णय वादग्रस्त ठरला, पुढल्या वर्षी कोण बाजी मारणार, ह्या चर्चेत रस नाही असा मराठी माणूस विरळा. परंतु आज मला जे सांगावयाचे आहे ते थोडे निराळे आहे. एकमेकांविरुद्ध खेळणाऱ्या संस्थांनी एकमेकांच्या शेजारी उभे राहून सामान्य माणसाच्या खेळासाठी काही मागावे, हा आजचा विषय. सामान्य माणसाचा खेळ म्हणजे निवड झालेल्या बारा-पंधरा खेळाडूंचा खेळ नव्हे. ज्या मुलाची निवड कधीच होणार नाही, जी मुलगी शाळा सुटल्यावर घटकाभर धावू इच्छिते, ज्या गृहस्थाला पन्नाशीनंतरही अंगाला घाम यावासा वाटतो, त्या सर्वांचा खेळ.

हे एकत्र येणे आपल्या परंपरेला नवे नाही. खो-खो आणि हुतुतू हे खेळ आज ज्या रूपात आपण पाहतो, ते रूप कोणा एका संस्थेने घडविलेले नाही. १९१४ साली पुण्यास डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम बांधण्याच्या कामी पुढाकार घेतला. पुढे दहा वर्षांनी, १९२४ साली, बडोद्याच्या जिमखान्याने ह्या खेळाची नियमावली प्रसिद्ध केली. त्यानंतर अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने १९३५ साली खो-खोच्या नियमांची आवृत्ती काढली. पुणे आणि बडोदे ह्यांच्यामध्ये त्या काळी ब्रिटिश मुलूख आणि संस्थानी मुलूख अशी राज्यव्यवस्थेची सीमा होती. पण ती सीमा नियम घडविणाऱ्यांना आडवी आली नाही.

हुतुतूची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. महाराष्ट्रात हुतुतू, तमिळनाडूत चेडुगुडू, बंगालमध्ये हाडुडू. नावे निराळी तशी रीतही निराळी. संजीवनी प्रकारात बाद झालेला गडी प्रतिपक्षाचा गडी मारला की पुन्हा जिवंत होई. गामिनीत एकदा बाहेर गेलेला गडी संपूर्ण पक्ष बाद होईपर्यंत बाहेरच राही. अमर प्रकारात कोणी बाहेर जातच नसे, केवळ गुण मोजले जात. प्रत्येकाला आपलीच रीत खरी वाटे, आणि तसे वाटणे स्वाभाविकच होते. तरीही ही मंडळी एका बैठकीवर बसली, कोणी आपला एक नियम सोडला, कोणी दुसऱ्याचा एक स्वीकारला, आणि १९५० साली अखिल भारतीय कबड्डी महासंघ उभा राहिला. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीचे प्रात्यक्षिक झाले, १९९० साली बीजिंगला तिला पदकाचा मान मिळाला, आणि २०१० साली ग्वांगजौ येथे महिलांची कबड्डीही त्या स्पर्धांत आली. खो-खोची विश्वचषक स्पर्धा २०२५ च्या जानेवारीत दिल्लीस भरली आणि भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी ती जिंकली. ह्या यशाचे मूळ त्या जुन्या बैठकांत आहे. तेथे हट्ट सुटला नसता, तर आज प्रत्येक गावाचा खेळ गावाच्या वेशीतच राहिला असता.

त्या पिढीपुढे प्रश्न नियमांचा होता. आपल्यापुढे प्रश्न जागेचा आहे. शहरे वाढतात तशी मोकळी जमीन आक्रसते. जेथे काल आट्यापाट्या रंगत, तेथे आज मोटारी उभ्या राहतात. हे कोणी द्वेषाने करीत नाही. ज्या जमिनीवर कोणी हक्काने बोलत नाही, ती जमीन दुसऱ्या कामी लागते, इतकेच.

आणि बोलण्यास आधार नाही, असेही नाही. आपल्या राज्यघटनेने खेळ हा विषय राज्यांच्या सूचीत घातला आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपविता येणाऱ्या कामांत उद्याने, बगीचे आणि क्रीडांगणे ह्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेसाठी जी मानके ठरविली, त्यांत क्रीडांगण आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यात उद्योगांनी ज्या सामाजिक कार्यांवर खर्च करावा त्यांच्या यादीत ग्रामीण खेळांचे प्रशिक्षणही येते. मग अडते कोठे? अडते ते मागणाऱ्याच्या आवाजापाशी. आज कबड्डीचे मंडळ अर्ज करते, उद्या तालीम करते, परवा व्हॉलीबॉलवाले करतात. आणि तिघेही बहुधा एकाच पटांगणाची मागणी करतात. अधिकाऱ्याच्या मेजावर तीन अर्ज म्हणजे तीन भांडणे. पण तेच तिघे एका कागदावर सह्या करून गेले, तर ती नगराची मागणी होते.

हिशेबही मांडून पाहू. खो-खोचे अंगण २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद. कबड्डीचे १३ बाय १०. व्हॉलीबॉलचे १८ बाय ९. तिन्हींचे क्षेत्रफळ मिळून सव्वासातशे चौरस मीटरही भरत नाही. अर्धा एकर म्हणजे दोन हजारांहून अधिक चौरस मीटर. भोवतालची मोकळी जागा धरूनही हे तीन खेळ अर्ध्या एकरात नांदू शकतात. वेळा वाटून घेतल्या तर पहाटे वृद्धांना फिरता येईल, दुपारी शाळेला तास घेता येईल आणि संध्याकाळी मंडळांना सराव करता येईल. मात्र हे वेळापत्रक आधी मंडळांनी आपसांत ठरविले पाहिजे. ज्यांना आपसांत तास वाटता येत नाहीत, त्यांना सरकारकडे एकर मागण्याचा अधिकार कसा पोहोचावा?

येथे एक शंका घेतली जाते. संयुक्त समिती झाली की लहान मंडळाचे अस्तित्व मोठ्यात विरून जाईल, अशी ती शंका. ती निराधार नाही. म्हणून प्रत्येक संस्थेला एकच मत असावे, अध्यक्षपद पाळीने फिरावे, हिशेब सर्वांपुढे वाचला जावा, आणि समितीने स्वतः स्पर्धा भरवू नयेत. स्पर्धा मंडळांच्या, मागणी सर्वांची, एवढी सीमारेषा आखली तर चढाओढही राहील आणि जूटही राहील. मुलींना खेळण्यास सुरक्षित वेळ व प्रकाशाची सोय ही मागणी त्या कागदावर अगदी वरच असावी, कारण मैदान असूनही ते मुलींना नसावे, ही आपल्याकडील नित्याची गोष्ट आहे.

बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव, गोवे येथील मराठी मंडळींना आणखी एक सांगणे आहे. आपले आखाडे आणि व्यायामशाळा हा आपल्या पूर्वजांचा अभिमानाचा ठेवा आहे. बडोद्यासच दत्तात्रय चिंतामण मुजुमदार ह्यांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले. परंतु आपले निवेदन ज्या शासनाकडे जावयाचे आहे, ते आपापल्या राज्याचे शासन आहे. आणि ज्या मैदानावर आपण हक्क सांगणार, त्यावर शेजारच्या गुजराती, कन्नड, हिंदी, तेलुगू वा कोंकणी बोलणाऱ्या मुलाचाही तितकाच हक्क आहे. तेव्हा त्या कागदावर त्यांच्या मंडळांच्या सह्या आपल्या सह्यांच्या वर असल्या तरी बिघडत नाही. खो-खोत बसलेला गडी पाठीमागून खो मिळताच उठतो. तो देणारा कोणत्या घरी काय भाषा बोलतो, हे तो विचारीत नाही.

येत्या उन्हाळी सुटीपूर्वी आपल्या गावातील चार मंडळांच्या चिटणिसांनी एकदा एकत्र बसावे, गावात मोकळ्या जागा किती उरल्या आहेत त्यांची यादी करावी, आणि त्यांपैकी एका जागेसाठी एकच अर्ज लिहावा. आरंभ एवढाच पुरे आहे.