जाळपोळीचा गुन्हा आणि साक्षीदाराचे कर्तव्य

(हसनाबाद येथे समाजाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी जाळपोळीसारखा अमंगल विषय का, असे आपणांस वाटेल. परंतु सोयाबीनच्या सुड्या रानात उभ्या राहिल्या, कडब्याच्या गंज्या रचल्या गेल्या, की आपल्या भागातील शेतकऱ्यास पावसाइतकीच धास्ती आगीच्या काडीची असते. बांधाचा तंटा असो वा भाऊबंदकी, वर्षाचे कष्ट घटकाभरात राख होतात. आणि काडी लावणारा पुष्कळदा सुटतो. तो का सुटतो, एवढेच मला सांगावयाचे आहे.

कायदा दुबळा नाही. १८६० च्या दंडसंहितेतील कलमे ४३५ व ४३६ यांची तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२६ मध्ये आली आहे. आग लावून मालमत्तेची अथवा पिकाची हानी करणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कारावास आहे, राहते घर, प्रार्थनास्थळ वा माल साठविण्याची इमारत जाळणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कारावास किंवा जन्मठेप आहे, शिवाय दंड.

अडचण आहे ती पुराव्याची. आग स्वतःचा पुरावा स्वतःच खाते, आणि उरलेला आपण विझविताना तुडवितो. विझविणे प्रथम, हे खरेच. पण आग विझल्यावर पंचनामा होईतो राख उपसू नये. रॉकेल वा पेट्रोल लवकर उडून जाते. म्हणून जळकी माती हवाबंद डब्यात मोहोरबंद करून न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे पाठवावी लागते, आणि तुलनेसाठी बाजूची न जळलेली मातीही घ्यावी लागते. आग एकाच वेळी अनेक ठिकाणी लागली काय, वरून विजेची तार गेली आहे काय, हेही पाहावे लागते. कारण न्यायालयाचे प्रश्न दोन असतात: आग लावली गेली काय, आणि ती कोणी लावली? पहिल्याच्या उत्तराने दुसरा सुटत नाही.

म्हणून फिर्याद विनाविलंब द्यावी आणि तिची प्रत विनामूल्य मागून घ्यावी. तीत डोळ्यांनी पाहिलेले आणि मनात आलेला संशय यांची सरमिसळ करू नये. जुन्या वैऱ्यास ‘पाहिले’ असे खोटे लिहिले, तर ते उलटतपासणीत कोसळते आणि खरा अपराधीही निसटतो.

पोलिसांपुढील जबाबावर साक्षीदाराची सही नसते. त्या जबाबावर शिक्षा होत नाही. न्यायालयात शपथेवर सांगितले तेच मोलाचे. घर जाळल्याचा खटला सत्र न्यायालयात उभा राहीपर्यंत काळ लोटतो. तोवर सोयरे मध्ये पडतात, बैठका बसतात आणि साक्षीदार फितूर होतो. वास्तविक हा गुन्हा कायद्याने आपसांत मिटविण्याजोगा मानलेलाच नाही.

जमाव आग लावतो तेव्हा तर साक्षीदाराची जीभ अधिकच जड होते. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि आपल्याच मराठवाड्यात गावोगावी दलितांची घरे जाळली गेली. जाळणारे परदेशचे नव्हते. पाहणारेही शेजारीच होते. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाचे घर जाळणाऱ्या इतरांस जन्मठेप सांगितली, आणि त्याचा तपास किमान पोलीस उपअधीक्षकाने करावा असा नियम झाला. तरीही न्यायालयात उभे राहून बोलणारा माणूस कोणताही कायदा पुरवू शकत नाही. तो गावानेच द्यावा लागतो.

म्हणून संस्थेस माझी नम्र सूचना आहे. आपला मुलगा आरोपी असेल, तर त्यास वकील अवश्य द्यावा. तो त्याचा हक्क आहे. परंतु साक्षीदाराच्या दारी कोणी जाऊ नये, आणि साक्ष फिरविण्यासाठी समाजाची बैठक बोलावू नये. उद्या आपली सुडी जळेल, तेव्हा साक्ष देणारा कदाचित परक्या समाजाचा असेल. त्याने खरे बोलावे असे आपणांस वाटत असेल, तर आज आपणही खरेच बोलले पाहिजे.