थेंबभर औषध आणि खानदेशचे ऊन



खानदेशच्या उन्हाविषयी जळगाव-धुळ्याच्या रहिवाशांना नवे काही सांगावयास नको. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो आणि भर दुपारी रस्ते ओस पडतात. रुग्णालयातील तपासणी मात्र सकाळची असते. त्यामुळे साक्री-पिंपळनेरकडून धुळ्यास किंवा चोपडा-यावलकडून जळगावास आलेला रुग्ण औषध घेऊन परतीच्या एस. टी.त बसतो तो नेमका याच वेळी. त्याच्या पिशवीत, भाकरीच्या फडक्याशेजारी, अडीच मिलिलिटरची एक चिमुकली बाटली असते. औषधविक्रेत्याने ती शीतकपाटातून काढून दिलेली असते. पुढे तिचे काय होते, हा आजच्या भाषणाचा विषय होय.

ही बाटली बहुधा काचबिंदूच्या औषधाची असते. या रोगात डोळ्यातील दाब वाढून दृष्टीची नस हळूहळू निकामी होते. बहुतेक रुग्णांना वेदना होत नाहीत. आधी बाजूचे दिसणे जाते आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. औषधाने गेलेले परत मिळत नसले, तरी उरलेले राखता येते. लॅटानोप्रॉस्ट हे त्यांपैकी एक प्रचलित औषध, दिवसातून एकदा, सहसा रात्री घालावयाचे. उन्हाने त्याचा गुण कमी झाला तरी थेंबाचा रंग पालटत नाही, डोळा झोंबत नाही. रुग्ण नेमाने थेंब घालीत राहतो आणि आपण उपचार घेत आहोत असे समजतो. खरा धोका येथेच आहे.

दुसरे उदाहरण शेतातले. कापणी-मळणीत काडी किंवा पात लागून बुबुळावर जखम होते, ती चिघळते. अशा वेळी काही रुग्णालये तीव्र औषधाचे थेंब स्वतः तयार करून देतात. ते थोडेच दिवस टिकतात आणि थंड ठेवावे लागतात. तेथे दृष्टीचा निकाल वर्षांत नव्हे, दिवसांत लागतो.

प्रथम हे पाहावे की, हातातील औषधाला थंडाव्याची गरज आहे किंवा नाही. डोळ्यांची पुष्कळ औषधे साध्या थंड जागी राहतात. काचबिंदूवरील टिमोलॉल, ट्रॅव्होप्रॉस्ट ही त्यांतलीच. लॅटानोप्रॉस्टची न उघडलेली बाटली सामान्यतः २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावयाची असते. उघडल्यावर ती २५ अंशांपर्यंत ६ आठवडे चालते. याच औषधाच्या, शीतकपाट न लागणाऱ्या बाटल्याही मिळतात. म्हणून वेष्टनावरील मजकूर वाचावा, किंवा ज्यास वाचता येते त्याच्याकडून वाचून घ्यावा. गावातील शिक्षकाने हे काम जरूर करावे. मूळ औषधाच्या अमेरिकी माहितीपत्रकात, रुग्णाच्या हाती पोचेपर्यंत बाटली ४० अंशांपर्यंतच्या उष्णतेत जास्तीत जास्त ८ दिवस राहिली तर चालते, असे नमूद आहे. परंतु ही सवलत जेथे संपते तेथे खानदेशचा मे महिना सुरू होतो, आणि उन्हात उभ्या मोटारसायकलच्या डिकीत तर पारा त्याहून कितीतरी वर जातो.

मग बाटली न्यावी कशी? याचे उत्तर गावोगावच्या आरोग्यसेविकेला ठाऊक आहे. सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ साली सुरू झाल्यापासून ती शीतपेटीतून लस नेत आली आहे. बर्फाची थैली गोठणकप्प्यातून काढून ती लगेच पेटीत घालीत नाही; थोडा वेळ बाहेर ठेवते, हलवून पाहते आणि आत पाण्याचा आवाज आला की मगच भरते, कारण गोठल्याने काही लसी वाया जातात. डोळ्यांच्या थेंबांनाही हेच लागू आहे. रुंद तोंडाचा थर्मास आधी थंड पाण्याने गार करावा, पाणी ओतून टाकावे, त्यात अशी बर्फथैली ठेवावी आणि बाटली तिच्या खोक्यासह कागदात व फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवावी. सुट्या बर्फात बाटली खुपसू नये. वितळलेले पाणी झाकणाशी शिरले तर औषधाबरोबर जंतूही डोळ्यात जातील. जळगावचा केळीव्यापारी आपला माल १३-१४ अंशांवर पाठवितो आणि याहून गार केल्यास साल काळी पडते हे तो पक्के जाणतो. तितकीच माहिती घरच्या औषधाविषयी असावी, ही अपेक्षा काही फार नव्हे.

प्राथमिक आरोग्य केंद्रातील शीतकपाट लसींसाठी राखून ठेवलेले असते. तेथे खाजगी बाटली ठेवण्याची गळ परिचारिकेस घालू नये.

ज्यांच्याजवळ बर्फ नाही, त्यांना छागलीचा धडा उपयोगी आहे. कोरड्या उन्हात ओल्या कापडातून पाणी उडते आणि आतील वस्तू गार होते. दुपारी ४३ अंश उष्णता आणि २० टक्के आर्द्रता असता ओले कापड फार तर २५ अंशांच्या आसपास उतरेल. प्रत्यक्षात माठ किंवा ओला पंचा त्याहून थोडा वरच राहील. म्हणजे न उघडलेल्या बाटलीला हा उपाय पुरत नाही. उघडलेलीला मात्र उन्हापासून बराच आधार मिळतो. बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून मगच ओल्या कापडात ठेवावी. गाडीत ती इंजिनाच्या पेटीजवळ किंवा खिडकीच्या उन्हात न ठेवता पायाशी सावलीत ठेवावी. एखाद्या दिवशी बाटली तापलीच, तर भीतीने थेंब बंद करू नयेत. ते चालू ठेवून औषधविक्रेत्यास किंवा डॉक्टरांस विचारावे आणि जरूर तर बदलून घ्यावी.

ज्येष्ठात मुक्ताईनगरहून मुक्ताईची पालखी पंढरपूरकडे निघते. महिनाभराची ही पायी वाट. तीत वृद्ध वारकरी पुष्कळ असतात आणि त्यांत काचबिंदूचे रुग्णही असणारच. त्यांनी निघण्याच्या सुमारास नवी बाटली उघडून खोक्यावर तारीख लिहावी. ६ आठवड्यांची मुदत वारीला पुरते. राखीव बाटली उन्हातून वाहून नेण्यापेक्षा डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवावी. वाटेत बुलढाणा, जालना, बीड ही मोठी गावे लागतात; तेथे शीतकपाटातील ताजी बाटली मिळू शकते. पाऊस सुरू झाला आणि हवा दमट झाली की ओल्या पंचाचा गारवा कमी होतो. तेव्हा दुपारच्या मुक्कामी बाटली माठाच्या गार बुडाशी, सावलीत ठेवावी.