यझ्दच्या मातीच्या गल्ल्यांतून

इराणात जाणारा प्रवासी बहुधा इस्फहानचे निळे घुमट आणि शिराजच्या बागा पाहून परततो. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण शहर पायांनी वाचायचे असेल, तर तुम्ही यझ्दला जा, आणि वाटाड्या न घेता फिरा. वाळवंटाच्या कडेचे हे जुने शहर कच्च्या विटांचे आणि मातीच्या गिलाव्याचे आहे. २०१७ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशात घेतले.

सुरुवात जामे मशिदीपासून करावी. तिचे दोन मिनार सुमारे ५२ मीटर उंच. वाट चुकली की मोकळ्या जागी येऊन मान वर करायची. आणि वाट चुकायचीच! गल्ल्या अरुंद, मधूनमधून वर कमानी. हे अरुंदपण दारिद्र्याचे नव्हे, उन्हाशी केलेल्या हुशारीचे आहे. रस्त्याकडे खिडक्या जवळजवळ नाहीतच. घराचे तोंड आत, चौकाकडे. आपल्या वाड्यासारखेच म्हणा ना. जुन्या दारांवर दोन ठोकण्या दिसतील: जड ठोकणी पुरुषांची, कडीसारखी हलकी बायकांची. आवाजावरून आत कळे, दार कोणी उघडायचे ते.

छपरांवर जे चौकोनी मनोरे दिसतात ते बादगीर. बाद म्हणजे वारा, गीर म्हणजे धरणारा. आपल्या जहागिरीतला 'गीर' तोच. उंचावरचा वारा त्यातल्या उभ्या पोकळ्यांतून खाली खोलीत उतरतो. वारा पडला की तापलेली हवा त्याच वाटेने वर निघून जाते. दौलताबाद बागेतला बादगीर तर तीस मीटरांहून उंच आहे. पाण्याच्या टाक्यांनाही बादगीर असतात. टाकीला तिथे आब-अंबार म्हणतात. पन्हाळ्यावर अंबारखान्यात धान्य साठवीत, इथे पाणी.

हे पाणी येते कनातीतून. तंबूच्या कनातीशी हिचा संबंध नाही, बरं का. डोंगराच्या पायथ्याचे भूजल मैलोगणती भुयारातून, केवळ उतारावर, गावात आणायचे, ही ती विद्या. झार्चची कनात जामे मशिदीखालूनच जाते. पाण्याची पाळी मोजायला तळाशी भोक पाडलेली तांब्याची वाटी पाण्यात सोडीत; ती बुडली की एक माप झाले. आपल्या लग्नातले घटिकापात्रच की हे! जुन्या हवेलीतल्या जलसंग्रहालयात हा सारा कारभार नीट समजतो. तिथे घाई करू नका.

मात्र गेल्या काही दशकांत खोल विहिरींवर पंप बसले, भूजल खाली गेले आणि कितीतरी कनाती आटल्या. आता इस्फहानच्या झायंदे नदीचे पाणी नळाने यझ्दला येते. ती नदीही कोरडी पडू लागली, तेव्हा २०१३ च्या सुमारास तिच्या काठच्या शेतकऱ्यांनी संतापाने त्या नळाची मोडतोड केली. हजार वर्षे वाटीने पाणी वाटणाऱ्या मुलखात ही पाळी यावी!

शेवटी पारशांच्या अग्निमंदिराकडे वळा. मुंबईत इराण्याच्या हॉटेलात ज्यांनी आपल्याला चहा आणि ब्रून-मस्का खाऊ घातला, त्यांच्यापैकी पुष्कळांचे पूर्वज याच यझ्दच्या परिसरातले. आजची इमारत १९३४ ची; अग्नी मात्र इसवी सन ४७० पासून अखंड असल्याचे सांगतात. तो काचेआडून पाहायचा. दारासमोर गोल हौद आहे. त्यात पाणी कुठून येते, हे तिथल्या एखाद्या वृद्धाला अवश्य विचारा.